वाघबीळ ते पन्हाळा : चढण तीच, मग साडेसात मिनिटं कुठं गेली?

चढाचा_माणूस | ३ ऑगस्ट २०२५, सकाळी ११:२०

यंदाच्या पावसात छत गळायला लागलं म्हणून माळा रिकामा केला आणि माझ्या पळण्याच्या जुन्या वह्या हाती लागल्या. १९८२ पासूनच्या आहेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आज कुठं पळालो, किती पळालो, हवा कशी होती, एवढं दोन ओळीत लिहायची सवय तेव्हा लागली ती बँकेतून निवृत्त झालो तरी सुटली नाही.

वर्षातून एकदा, पाऊस ओसरला की, वाघबीळ फाट्यापासून वर पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत जीव तोडून पळायचं आणि ती वेळ वहीत लाल शाईनं लिहायची, हा माझा नेम आहे. जखमी होतो ती वर्षं सोडली तर खाडा नाही. वह्या जमिनीवर पसरून सगळे लाल आकडे एका कागदावर उतरवले. त्यातले तीन इथं देतो.

१९९९, वय ३५ : २८ मिनिटं ४० सेकंद
२०१२, वय ४८ : ३० मिनिटं ५० सेकंद
२०२४, वय ६० : ३६ मिनिटं १० सेकंद

पहिल्या तेरा वर्षांत वेग ७ टक्क्यांनी उतरला. पुढच्या बारा वर्षांत १५ टक्क्यांनी. मी तर म्हणत होतो, "वय झालं, चालायचंच." पण वय काही ४८ नंतर दुप्पट वेगानं वाढत नाही. मग झालं काय?

या निमित्तानं गेले दोन आठवडे वाचतोय, ते थोडक्यात मांडतो. आपलं शरीर जोर लावून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात. मोजमाप दर मिनिटाला, दर किलो वजनामागे, मिलिलिटरमध्ये. आपल्याकडच्या माणसाला नदीवरच्या मोटारीचं उदाहरण लगेच कळेल. मोटार मिनिटाला किती वेळा पाणी फेकते, एका फेकीत किती फेकते, आणि पोचलेल्या पाण्यातलं रान किती पिऊन घेतं. हृदयाचे मिनिटाचे ठोके, एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, आणि त्या रक्तातून स्नायूंनी काढून घेतलेला ऑक्सिजन, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे आपला दम.

बैठ्या माणसाचा हा आकडा तिशीनंतर दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरतो. जोरात सराव चालू ठेवणाऱ्यांचा साधारण निम्म्यानं, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास, असं १९८१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी मांडलं होतं.

ठोक्यांचं मात्र कुणालाच चुकत नाही. पूर्वी कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय असं सांगायचे. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र दिलं. साठीला ते १६६ येतं. छातीला पट्टा लावून माझे मोजलेले : २०१२ ला १७६, गेल्या वर्षी १६७. घट ५ टक्के.

म्हणजे १५ मधले ५ टक्के ठोक्यांनी नेले. उरलेले १० कुणी नेले?

शोधत शोधत डिसेंबर २०१३ च्या पानावर आलो. "उजवा गुडघा. डॉक्टर म्हणाले, या वयात जोरात पळणं सोडा. मंगळवार बंद." मंगळवार म्हणजे विद्यापीठाच्या चढावर मारायचे जोराचे पाच-सहा तुकडे. १९९० पासून चालू होते. गुडघा तीन महिन्यांत बरा झाला. मंगळवार मात्र पुन्हा सुरू झालाच नाही. पुढच्या अकरा वर्षांच्या वह्या चाळल्या. आठवड्याचे किलोमीटर जवळपास तेवढेच आहेत, पण पानंच्या पानं "रंकाळा, आरामात", "रंकाळा, गप्पा मारत". इतकी वर्षं मी नियमित पळतोय असंच समजत होतो, आणि ते खोटंही नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी.

---

गंगावेस | ३ ऑगस्ट, दुपारी १:०५

काका, नाद खुळा लिहिलंय! त्रेचाळीस वर्षांच्या वह्या म्हणजे खजिनाच की. वाचनखूण (वाखु) साठवली.

वडील ५८ चे हायत, रोज पहाटे रंकाळ्याला जात्यात. संध्यामठापासून सुरू करून दोन फेऱ्या. त्यांना हे वाचून दाखवणार.

---

ठोक्यांचा_हिशेब | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

मी डॉक्टर आहे, आणि पळतोही. काकांचं निरीक्षण अभ्यासांशी चांगलंच जुळतं.

मायकेल पोलॉक या संशोधकानं २४ प्रौढ धावपटूंना तपासलं आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासलं. १९८७ साली ते प्रसिद्ध झालं. ११ जण स्पर्धेच्या जोरानं पळत राहिले होते, १३ जणांनी पळणं चालू ठेवलं पण जोर सोडला होता. पहिल्या गटाचा व्हीओटू मॅक्स दहा वर्षांत जवळपास जागेवर राहिला, दुसऱ्याचा स्पष्ट उतरला. गंमत म्हणजे कमाल ठोके दोन्ही गटांचे सारखेच, सातेकांनी, कमी झाले होते. ठोके सगळ्यांचेच गेले, पण जोर टिकवलेल्यांनी ती तूट दुसरीकडून भरून काढली. अर्थात कायमची नाही. वीस वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा जोर टिकवलेल्यांचाही आकडा उतरलाच होता.

ठोके का कमी होतात? हृदयाला ताल देणारी जी गाठ असते तिचा स्वतःचा वेगच वयानुसार मंदावतो, आणि ॲड्रेनलिनला हृदय पूर्वीसारखं दाद देत नाही. यावर सराव चालत नाही. सराव चालतो तो एका ठोक्यातल्या रक्तावर आणि स्नायूंवर. वयानं हृदयाचा डावा कप्पा ताठर होतो, नीट सैलावत नाही, म्हणून पुरेसा भरत नाही. डॅलसच्या बेंजामिन लेव्हिन यांच्या गटानं दाखवलंय की आयुष्यभर आठवड्याला चार-पाच दिवस व्यायाम करणाऱ्यांचं हृदय म्हातारपणीही लवचीक राहतं. दोन-तीन दिवसवाल्यांना तो फायदा फारसा दिसला नाही. त्यांचाच २०१८ चा अभ्यास : मध्यमवयीन बैठ्या लोकांना दोन वर्षं शिस्तीत सराव दिला तर ताठरपणा कमी झाला. पासष्टीनंतर सुरुवात केलेल्यांत, एक वर्षाच्या सरावानं, तो कमी झाला नव्हता. त्यांचा दम वाढला, पण हृदयाच्या भिंतीचा ताठरपणा तसाच राहिला.

गंगावेस, वडिलांना रंकाळ्यावरून हलवू नका. ५८ ला रोज दोन फेऱ्या ही मोठी गोष्ट आहे. फक्त दुसऱ्या फेरीत दोन-चार वेळा मिनिटभर धाप लागेल असं चालायला सांगा. आधी एकदा ईसीजी आणि रक्तदाब बघून घ्या.

---

वजनकाटा | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

चढाचा_माणूस, एक प्रश्न. २०१२ ला वजन किती होतं आणि आता किती?

---

चढाचा_माणूस | ४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

२०१२ ला ६१ किलो. गेल्या वर्षी चढ मारला तेव्हा ६५.

---

वजनकाटा | ४ ऑगस्ट, सकाळी ८:५०

मग तुमच्या उरलेल्या १० टक्क्यांतला मोठा वाटा सापडला. ६१ चे ६५ म्हणजे साडेसहा टक्के जास्त ओझं, तेही चढाला. तुम्हीच लिहिलंय की आकडा दर किलोमागे असतो. वर रक्त तेवढंच राहिलं आणि खाली किलो वाढले तर भागाकार उतरणारच.

आणि हे ४ किलो म्हणजे निव्वळ चरबी समजू नका. या वयात स्नायू कमी होतात. काट्यावर ४ वाढले असतील तर कदाचित दोन किलो स्नायू गेले आणि सहा किलो चरबी आली. ऑक्सिजन पिणारं रानच कमी झालं. पळणारे लोक वजन उचलायचा कंटाळा करतात, मीही केला. पन्नाशीनंतर तो परवडत नाही.

---

चढाचा_माणूस | ४ ऑगस्ट, रात्री १०:१०

मान्य. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पँटची कंबर तीच होती, त्यामुळं वजनाकडं बघितलं नाही. मंगळवारवर सगळं खापर फोडायची घाई झाली माझी. तरी जोर सोडला आणि वजन वाढलं या दोन गोष्टी एकाच वहीत, एकाच पानानंतर सुरू होतात.

---

सायकलवाली | ५ ऑगस्ट, दुपारी ३:२५

वय ५३. सायकल चालवते, वीस वर्षं झाली. कोल्हापूर–गगनबावडा आणि परत, महिन्यातून एकदा तरी.

काका, तुमच्या धाग्यावर अजून एका गोष्टीची भर घालते, कारण बायकांच्या बाबतीत हे कुणी बोलत नाही. पाळी थांबली त्या दोन वर्षांत माझा दम जिन्यावरून घसरावा तसा उतरला. सराव तोच, खाणं तेच. रात्री तीनला घामानं जाग यायची, सकाळी पाय शिशाचे. कळे सोडून पुढं गेलं की जो हलका चढ लागतो, तिथं मी कधी गिअर बदलत नसे. त्या वर्षी तिथं उतरून उभी राहिले आणि रडले. मैत्रिणी म्हणाल्या, आता पुरे. घरी आले, सायकल जिन्याखाली लावली आणि चार महिने हात लावला नाही.

मग रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८ निघालं. पाळी थांबण्याआधीच्या वर्षात अंगावरून खूप गेलं होतं, ते भरूनच निघालं नव्हतं. वयाच्या नावावर मी ॲनिमिया अंगावर काढत होते! औषधानं सहा महिन्यांत १२.६ वर आलं आणि त्या चढाला पुन्हा बसून चढले. पूर्वीसारखं नाही, पण बसून.

बायांनो, दम उतरला तर "वय झालं" म्हणायच्या आधी रक्त तपासा. आणि थायरॉईड.

---

ठोक्यांचा_हिशेब | ५ ऑगस्ट, रात्री ९:००

सायकलवाली ताई, शंभर टक्के सहमत. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. ते ९.८ असताना गगनबावड्याच्या रस्त्याला लागणं हेच थोर आहे.

बायकांची उदाहरणं कमी दिसतात म्हणून एक देतो. जीनी राइस या अमेरिकन धावपटू ७६ व्या वर्षी, २०२४ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ३ तास ३३ मिनिटांत पळाल्या. त्यांचा व्हीओटू मॅक्स जवळपास ४८ मोजला गेलाय. आपल्याकडं पंचविशीतल्या कित्येक पोरांचा तेवढा नसतो.

---

तालमीतला | ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

आमच्या तालमीत एक आण्णा यायचे. कुस्ती सोडून तीस वर्षं झालेली, तरी पहाटे चारला येऊन हौदा खणायचे, जोर-बैठका काढायचे, मग गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध. ७४ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने खाटेवर. उठले ते वेगळेच आण्णा. जिना चढेनात. आम्ही म्हटलं, वय दिसायला लागलं. आता वाटतंय, वय नव्हतं, खाट होती.

डॉक्टर, असं होतं काय खरंच?

---

ठोक्यांचा_हिशेब | ६ ऑगस्ट, दुपारी २:१५

होतं, आणि त्याचा फार गाजलेला पुरावा आहे. १९६६ साली डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांचा दम पाव भागाहून जास्त उतरला. तीस वर्षांनी, त्यांच्या पन्नाशीत, तेच पाच जण पुन्हा तपासले. तीन आठवड्यांच्या खाटेनं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानंही केलं नव्हतं. मग त्यांना सहा महिने बेताबेतानं सराव दिला तर तीस वर्षांत गेलेला दम, लिटरमध्ये, म्हणजे वजनानं न भागता मोजला तर, परत आला. हृदयाचे कमाल ठोके काही परत आले नाहीत. स्नायू जास्त ऑक्सिजन काढून घ्यायला शिकले, म्हणून आला.

म्हणून ऑपरेशननंतर, डेंग्यूनंतर, अगदी दुसऱ्या दिवसापासून, जेवढं शक्य तेवढं उठवायचं. तुमच्या आण्णांना कुणी व्यायाम लावून दिला होता का?

---

तालमीतला | ६ ऑगस्ट, रात्री ८:४५

नाही. जिथं दाखवलं होतं तिथं "आराम करा" म्हणून सोडलं. आणि घरातल्यांनी प्रेमापोटी हलू दिलं नाही. पाण्याचा तांब्या पण हातात आणून द्यायचे.

---

पन्हाळा_पावनखिंड | ९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

उशिरा आलो धाग्यावर. दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जातो, यंदा सतरावी वेळ. वय ४४.

मला यात माझं भविष्य दिसतंय म्हणून विचारतो. शेवटी जमेल किती? सत्तरीत, ऐंशीत काय हातात राहतं? कुणी मोजलंय का?

अवांतर : फौजा सिंग गेल्या महिन्यात जालंधरजवळ गाडीच्या धडकेत गेले. पासपोर्टवर जन्मसाल १९११. २००३ ला टोरांटोत मॅरेथॉन ५ तास ४० मिनिटांत, २०११ ला त्याच शहरात ८ तास ११ मिनिटांत. त्या वयात आठ वर्षांत अडीच तास. बातमी वाचली तेव्हापासून मनातून जात नाही. फिरायला बाहेर पडलेला माणूस.

---

चढाचा_माणूस | ९ ऑगस्ट, रात्री १०:३०

फौजा सिंगांची बातमी वाचून मीही त्या दिवशी रस्त्याच्या कडेनं पळताना दहा वेळा मागं बघितलं. त्यांना नमस्कार.

मोजलंय, दादा. स्वीडनमधले नऊ जण, आयुष्यभर बर्फावरची लांब पल्ल्याची स्कीइंग केलेले, सरासरी वय ८१. त्यांचा व्हीओटू मॅक्स सरासरी ३८ भरला. त्याच वयाच्या, व्यायाम न केलेल्या धडधाकट माणसांचा २१. हे २०१३ साली छापून आलं. हा फरक रोजच्या जगण्यात काय, तर स्वतःची कामं स्वतः करायला, बाजारची पिशवी घेऊन जिना चढायला साधारण १८ च्या आसपास लागतात. २१ वाल्याला एक आजारपण पुरे. ३८ वाल्याच्या गाठीशी वीस शिल्लक आहेत. मी बँकेत होतो म्हणून असेल, मला हे ठेवीसारखंच दिसतं.

एड व्हिटलॉक यांचंही सांगायलाच हवं. कॅनडातले. २००४ साली ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत. सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास संथ फेऱ्या. मी आधी म्हटलं, बघा, हे तर आरामातच पळायचे! पण ते शर्यती मात्र सारख्या धावायचे, आणि जीव लावून. त्यांचा मंगळवार शर्यतीत होता.

आणि रॉबर्ट मारशाँ. फ्रेंच सायकलपटू, जन्म १९११. १०१ व्या वर्षी तासाभरात २४.२५ किलोमीटर, १०३ व्या वर्षी २६.९२. मधल्या दोन वर्षांत त्यांना सराव आखून दिला होता : ८० टक्के हलका, २० टक्के जोराचा. व्हीओटू मॅक्स ३१ वरून ३५. शंभरी ओलांडल्यावर वाढला! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

---

ठोक्यांचा_हिशेब | १० ऑगस्ट, सकाळी ७:५०

इतका उत्साह आहे म्हणून दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर माझं काम अर्धं राहील.

वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचं करणाऱ्यांत हृदयाचा ताल बिघडण्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण थोडं जास्त आढळतं. स्वीडनच्या वासालोपेत या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीतल्या ५० हजारांहून जास्त जणांच्या नोंदी तपासल्या, त्यात जितक्या जास्त शर्यती पूर्ण केल्या तितका तालाच्या बिघाडाचा धोका जास्त दिसला. शिवाय जुन्या पुरुष खेळाडूंच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचे थर बैठ्या लोकांपेक्षा जास्त सापडतात. ते थर बहुतेक घट्ट, सहसा न फुटणाऱ्या जातीचे असतात, तरी "मी पळतो, मला काही होणार नाही" हे कुणी म्हणू नये. एकूण हिशेब पळणाऱ्याच्याच बाजूनं आहे, यात शंका नाही.

पळताना छातीत फडफड, अचानक दम तुटणं, नेहमीच्या वेगाला ठोके एकदम वीसनं जास्त, डोळ्यापुढं अंधारी : लगेच थांबा आणि दाखवा. "पित्त असेल" म्हणून सोडा पिऊन बसू नका. काका, मंगळवार सुरू करायच्या आधी ट्रेडमिलवर ताणचाचणी करा.

---

चढाचा_माणूस | १७ ऑगस्ट, रात्री ९:२०

केली. ठीक आहे. परवा पहिला मंगळवार.

---

गंगावेस | २ सप्टेंबर, सकाळी ७:३०

काका, वडील दुसऱ्या फेरीत शालिनी पॅलेसच्या बाजूला मिनिटभर दामटून चालत्यात आता. पहिल्या दिवशी म्हणाले, "उगीच छळतोयस." काल म्हणाले, "आज पाच वेळा केलं." ईसीजी नॉर्मल. डॉक्टरांचे आभार.

---

चढाचा_माणूस | १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:४०

धागा वर काढतोय, कारण आज लाल शाईचा दिवस होता.

आधी तीन महिन्यांचं. पहिल्या मंगळवारी विद्यापीठाच्या चढावर तीन तुकडे मारले, तीन-तीन मिनिटांचे. तिसऱ्यात तोंडाला लोखंडाची चव आली. ती चव अकरा वर्षांत विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरला. पूर्वी मंगळवारचा शीण बुधवारी संध्याकाळी जायचा, आता शुक्रवार उजाडतो. म्हणून आठवड्यात जोराचा दिवस एकच ठेवला. बाकी सगळं आरामात, अगदी गप्पा मारत. आठवड्यातून दोनदा घरातच बैठका आणि पाठीवर वीस किलोची पिशवी घेऊन गच्चीपर्यंत फेऱ्या. वजन आज ६३.५. रात्रीचा भात निम्मा केला. रविवारचा तांबडा-पांढरा चालू आहे, त्याला हात लावला नाही.

आज पहाटे वाघबीळला सहाला पोचलो. धुकं एवढं की फाट्यावरची पाटी पण दिसत नव्हती. पहिल्या वळणावर एसटी खाली आली, तिचे दिवे आधी दिसले आणि मग आवाज. मधल्या टप्प्यात, जिथं गेल्या वर्षी चालायला लागलो होतो, तिथं ठोके १६३ होते. मनाशी म्हटलं, हे बघ, अजून चार आहेत. पळत राहिलो. वर धुकं मागं पडलं, खाली सगळं पांढरं आणि पलीकडं जोतिबाचा डोंगर उन्हात.

३४ मिनिटं ५० सेकंद. गेल्या वर्षापेक्षा ८० सेकंद कमी. वजनकाटा यांच्यासाठी : त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा दीड किलोचा असणार, ते मीच मोजून ठेवलंय.

---

सायकलवाली | १६ नोव्हेंबर, दुपारी २:०५

काका!! डोळ्यात पाणी आलं. पुढच्या वर्षी मी सायकलवर येते तुमच्या मागं, गाड्या अडवायला.

---

पन्हाळा_पावनखिंड | १६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

अभिनंदन काका. मंगळवारी कितीला असता विद्यापीठावर? दोघं-तिघं यायचं म्हणतोय.

---

चढाचा_माणूस | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

पावणेसहाला, मुख्य गेटच्या आत. थंडी आहे, आधी पंधरा मिनिटं हळू पळून अंग गरम करायचं, ते झाल्याशिवाय मी तुकडे सुरू करू देत नाही. सगळ्यांनी आपापला वेग धरायचा. तालमीतला, आण्णांना पण घेऊन या. गेटपासून पहिल्या बाकापर्यंत चालतील, मी सोबत चालतो.